मालगुजारी रानातील मचाण आणि शेजारधर्म

आपल्या ज्ञातीतील कित्येक जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर सांबराची शिंगे आणि त्यांच्या शेजारी एक पिवळे पडलेले छायाचित्र अद्याप लटकत असते. छायाचित्रात वडीलधारी मंडळी बंदुका घेऊन खुर्च्यांवर बसलेली, पायाशी वाघ आडवा पडलेला, आणि कडेला पागोटी बांधलेली, अनवाणी, नावे कोणास ठाऊक नसलेली दहा-पाच माणसे उभी. नव्या पिढीतील मुले त्या चित्राकडे पाहून एक तर छाती फुगवितात किंवा लाजेने मान फिरवितात. आमच्या अल्पमतीस या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. त्या शिकारीमागे एक रिवाज होता. त्यात घेण्यासारखे काय होते आणि टाकून देण्यासारखे काय होते, याचा विचार केल्यावाचून पूर्वजांचा अभिमान धरणे वा त्यांस दूषण देणे इतिहासाला सोडून होईल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेकरिता आम्ही हा विषय निवडला आहे.

परक्याच्या रानात शस्त्र उचलताना मर्यादा पाळावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात दुष्यंत राजा हरिणाचा पाठलाग करीत कण्वाश्रमाच्या सीमेवर येतो, तेव्हा तपस्वी त्यास अडवितात, आणि तो सत्ताधीश राजा धनुष्याला लावलेला बाण निमूटपणे काढून घेतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथातही मृगयेचे सविस्तर विवेचन आहे. असो. आपणांस येथे राजेरजवाड्यांच्या मृगयेपेक्षा आपल्या मुलखातील गावशिवेवरच्या मचाणाचे अधिक अगत्य आहे.

तिसरे रघोजी भोसले १८५३ साली निवर्तल्यावर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात गावाचा वसूल गोळा करणाऱ्या मालगुजारास गावाचा मालक ठरविण्यात आले. वऱ्हाडात रयतवारी होती. परंतु नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा या जिल्ह्यांत मालगुजारीचा अंमल बसला. गावच्या हद्दीतील रानही मालगुजाराच्या मालकीचे झाले. सरपण, चराई, घरासाठी बल्ल्या यांविषयीचे रयतेचे निस्ताराचे हक्क आणि गावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावकागदात नोंदले जात. याउलट सरकारी राखीव जंगलात शिकारीचे गट पाडलेले असत. ठरावीक मुदतीसाठी एक गट एकाच टोळीस मिळे, आणि कोणते जनावर किती मारावे हेही परवान्यावर लिहिलेले असे. मालगुजारी रानात असा लेखी बंदोबस्त फारसा नव्हता. तेथे मालकाचा शब्द आणि शिकाऱ्यांचा परस्परांतील शिष्टाचार हाच कायदा होता.

हा शिष्टाचार मचाणाभोवती गुंफलेला होता. मचाण म्हणजे झाडाच्या दुबेळक्यात जमिनीपासून सुमारे पंधरा फुटांवर बांधलेली बैठक. पुष्कळदा एखादी खाटच दोरांनी जखडून तीवर पालापाचोळा घालीत. पहिला नियम असा की, मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या झाडावर मचाण बांधू नये. दुसरा असा की, वाघाने मारून ठेवलेल्या जनावरावर, ज्यास शिकारी लोक ‘गारा’ म्हणत, पहिला हक्क ज्याने आमिष बांधले त्याचा. दुसऱ्याने तेथे चोरून बसू नये. गाऱ्याची खबर आणणाऱ्या गुराख्यास बक्षीस द्यावे आणि ज्याची गाय वा रेडा गेला असेल त्याच्या हाती आधी पैसे ठेवावेत, ही मोठ्या मनाच्या यजमानाची खूण समजली जाई.

हाक्याच्या शिकारीत मचाणे अनेक असत; म्हणून तेथे वाटणीचा प्रश्न येई. वाघ कोणत्या नाल्याने निघेल याचा अदमास गावच्या गोंड शिकाऱ्यास अचूक असे, आणि त्या नाल्यावरचे मचाण सर्वांस हवे असे. समान दर्जाच्या मंडळींत चिठ्ठ्या टाकून मचाणे वाटीत. पाहुणा असेल तर उत्तम जागा त्यास देऊन यजमान कडेच्या झाडावर बसे. परंतु पाहुणा जर साहेब अधिकारी असला, तर चिठ्ठ्यांचा प्रश्नच उरत नसे. शिष्टाचार सत्तेपुढे कसा वाकतो, याचे हे एक उदाहरण होय.

मचाणावर चढल्यानंतरचे नियम अधिक कडक असत, कारण त्यांवर माणसांचे प्राण अवलंबून होते. शेजारचे मचाण कोठे आहे हे प्रत्येकास हाका सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष दाखवून देत, आणि त्या दिशेस गोळी झाडणे सर्वथा वर्ज्य असे. हाकेवाल्यांच्या रोखानेही बार काढावयाचा नाही. जनावर मचाणांची ओळ ओलांडून गेल्यावरच नेम धरावयाचा. हाका संपल्याची खूण होईपर्यंत खाली उतरावयाचे नाही. विडी, खोकला, कुजबूज यांस अर्थातच मनाई. जनावर कोणाचे, हा तंटा टाळण्यासाठी ‘ज्याच्या गोळीने पहिले रक्त सांडले त्याचे’ असा नियम होता; मागाहून दहा गोळ्या लागल्या तरी मालकी पहिल्याची.

परंतु पहिल्या रक्ताच्या या हक्काबरोबर एक कर्तव्यही येई, आणि सर्व रिवाजांत तेच आम्हांस श्रेष्ठ वाटते. ज्याने जनावर जखमी केले त्यानेच ते शोधून संपवावे, आणि तोवर आसपासच्या गावांस सावध करावे. जखमी वाघ किंवा बिबट्या मागे सोडून टांग्यात बसून शहरास परतणारा मनुष्य कितीही मोठा असला, तरी शिकाऱ्यांच्या बैठकीत त्याची पत राहत नसे. दुसऱ्याच्या शिवेत रक्ताचा माग गेला, तर त्या मालकास वर्दी देऊन मगच आत शिरावे, हीच रीत सभ्य मानली जाई. उन्हाळ्यात अखेरच्या पाणवठ्यावर दबा धरून तहानलेल्या जनावरास मारणे आणि पिले असलेल्या मादीवर गोळी झाडणे या गोष्टी जाणकार शिकारी हलक्या समजत. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेले कॅप्टन फॉरसिथ यांचे मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेले वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे या भागातील वन्य पशूंवरील पुस्तक जिज्ञासूंनी अवश्य पाहावे.

या हौशी मचाणाहून निराळे, पण त्याहून पुरातन असे दुसरे मचाण आपल्या शेतकऱ्याचे. ज्वारी निसवली की रानडुकरे आणि रोही यांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागलीला जाण्याची वहिवाट विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन शेतांच्या धुऱ्यावरील मोहाच्या झाडावर एक मचाण बांधावे, एका रात्री याने बसावे, दुसऱ्या रात्री त्याने, आणि हाकारा दोघांच्याही पिकासाठी द्यावा, असा त्यातील शेजारधर्म. रात्री कोण कोठे बसणार हे शेजाऱ्यास आधी सांगितलेले असे, कारण अंधारात हलणारी सावली डुकराची की माणसाची हे दुरून कळत नाही. मालगुजाराच्या मचाणावरील नियम आणि कास्तकाराच्या मचाणावरील नियम यांचे मूळ एकच होते. आपल्या हातातील शस्त्राने शेजाऱ्यास अपाय होऊ नये, हे ते मूळ.

येथवर गुणांचे वर्णन झाले. पण इतिहास लिहिणाऱ्याने गुणांपाशी थांबू नये. मचाणांची वाटणी चिठ्ठ्यांनी होई; परंतु ज्यांना मचाणच नव्हते त्यांचे काय? हाका घालणारी माणसे वाघाच्या मागे झाडीतून पायी चालत, हातात काठी वा डबडे एवढेच. त्यांत गोंड आणि इतर गरीब रयत असे, आणि अनेक ठिकाणी हे काम वेठीने करून घेतले जाई. खुर्चीवर बसलेल्यांस छायाचित्रात नाव मिळाले, कडेला उभ्या असलेल्यांस मिळाले नाही. हरिण-डुकराचे मांस हाकेवाल्यांत वाटण्याची चाल होती, हे खरे. पण अंगावरची जोखीम आणि हाती आलेला वाटा यांचा मेळ त्याने बसत नाही.

दुसरी उणीव जनावरांविषयीची. रिवाजाने शिकाऱ्या-शिकाऱ्यांतील तंटे मिटविले. रानात जनावरे किती उरली, हा हिशेब त्याने कधी मांडला नाही. १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने काही पक्षी आणि हरिणादी पशूंसाठी शिकारबंदीचा हंगाम ठरविण्याची सोय केली. परंतु त्याच्या यादीत वाघाचे नावच नव्हते.

पुढे मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट होऊन ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी रान सरकारजमा झाले. तो न्याय योग्यच होता. परंतु जुना मालक गेला, त्याच्या शब्दाचा धाक गेला, आणि नवा बंदोबस्त प्रत्येक नाल्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागला. त्या अवधीत जीपगाडी आणि प्रखर विजेरी यांनी मचाणाची जागा घेतली. रात्रभर निश्चल बसण्याची तपश्चर्या संपली. उजेडाने दिपलेल्या जनावरास गाडीतून मारणे सोपे झाले. १९५५ मध्ये ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीस बंदी झाली. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ आढळले आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो कायदा खाजगी जमिनीसही लागू आहे. आता आपल्या स्वतःच्या वावरातील रानडुक्कर वा रोही मारावयाचे तरी वनाधिकाऱ्याची परवानगी लागते.

मग तो रिवाज मेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, पेंच, नागझिरा आदी जंगलांत पाणवठ्यांवरील मचाणांवर निसर्गप्रेमी मंडळी बसतात. पूर्वी या रात्री प्राण्यांची मोजदाद होत असे. आता गणनेची शास्त्रीय साधने निराळी आहेत, तरी निसर्गानुभव म्हणून ती प्रथा चालू आहे. मचाण मिळेल ते घ्यावे, सोबत्याबरोबर निमूट बसावे, उजाडेपर्यंत उतरू नये, हे नियम जुनेच आहेत. केवळ बंदूक गळून पडली आहे.

चिंता वाटते ती शेताच्या धुऱ्यावरची. आमच्या ज्ञातिबांधवांपैकी अनेकांची शेती अद्याप उमरेड, भिवापूर, रामटेक, पारशिवनी या बाजूस आहे. जागलीचे कष्ट टाळण्यासाठी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडण्याचा प्रकार विदर्भात वारंवार घडला आहे. उमरेड-कऱ्हांडल्याच्या सुप्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेने मेला. अशा तारांनी माणसेही दगावली आहेत. मचाणावरचा मनुष्य निदान पाहून बार काढीत असे. तार काहीच पाहत नाही. ती डुक्कर, वाघ, गाय आणि पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारी यांत भेद करीत नाही.

डुकरांनी एका रात्रीत उभे पीक लोळविले म्हणजे कास्तकाराच्या मनास काय वाटते, हे ग्रामीण भागात शिक्षकी केलेल्या आम्हांस सांगणे न लगे. परंतु त्यावर सौर कुंपण आहे. त्याचा झटका क्षणिक असून जनावर दचकून मागे फिरते. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो. आणि दोन-चार शेजाऱ्यांनी पाळीपाळीने जागल करण्याची जुनी वाटही खुली आहे.

पूर्वजांपासून काही घ्यावयाचेच असेल, तर शिंगे आणि बंदुका यांपेक्षा तो एकच नियम घ्यावा: शेजारी कोठे आहे हे ठाऊक असल्यावाचून शस्त्र उचलू नये, आणि आपल्या हातून जखम झाली तर ती दुसऱ्याच्या शिवेत टाकून पळू नये. ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे आहेत, त्यांनी कडेला उभ्या असलेल्या माणसांची नावे सांगणारे कोणी वृद्ध गावात हयात असतील तर ती विचारून चित्रामागे लिहून ठेवावीत. ज्यांच्या शेताला तार आहे, त्यांनी तीत वीज सोडू नये आणि शेजाऱ्यासही तसे सांगावे. एवढे घडले तर या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.