घरात मांजर आहे? मग कोंबडीची पिल्लं अशी सांभाळा

पोट भरलेलं मांजरही पिल्लावर झडप घालतं. हलणाऱ्या लहान जिवामागे धावणं ही त्याची उपजत सवय आहे. त्यामुळे ‘आमची मनी गरीब आहे’ या भरवशावर राहू नका.

जाळी : मोठ्या भोकांच्या जाळीतून पंजा आत जातो. खोक्याला अर्धा इंची चौकोनी जाळी लावा. वरच्या झाकणालाही जाळी आणि कडी हवीच.

डालं : बांबूचं डालं मांजर उलथवतं. त्यावर जड दगड ठेवा. फटींतूनही पंजा जातो, म्हणून रात्री डालं बंद खोलीत ठेवा.

ऊब आणि ऊन : पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करा. मात्र जळगाव-धुळ्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा मांजराच्या भीतीने खोकं पोत्याने गच्च झाकलं, तर पिल्लं उष्णतेनेच दगावतात. खोकं सावलीत ठेवा, हवा खेळती ठेवा. पिल्लं चोच उघडून धापा टाकत असतील, तर बल्ब लगेच बंद करा.

चावा : जखम छोटी दिसली तरी मांजराच्या लाळेतले जंतू घातक ठरतात. पिल्लू पशुवैद्यकाला दाखवा.

मांजरालाही धोका : भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळला. हा आजार मांजरांनाही होऊ शकतो. म्हणून मेलेलं पिल्लू मांजरापुढे टाकू नका. एकदम अनेक पिल्लं मेली, तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.