सुरूच्या खांबाची कुळकथा

वाईजवळचं मेणवली गाव १७६८ साली नाना फडणीसांना इनाम मिळालं. कृष्णेकाठी त्यांनी वाडा आणि घाट बांधला. पेशवाईतले सरदार-सावकार त्या काळी जे वाडे बांधत होते, त्यांच्या चौकात सागवानी खांबांचं एक ठरीव रूप दिसतं. त्यालाच सुरूचा खांब म्हणतात.

हा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यामुळे लाकूड ओल आणि वाळवीपासून दूर राहतं. तळाशी कमळाच्या पाकळ्या, वर सुरूच्या झाडासारखं निमुळतं अंग, माथ्याला पुन्हा पानांची नक्षी. दोन खांबांमधे महिरप आणि तिच्या टोकाला उलटं लोंबणारं केळफूल. गंमत अशी, की महिरप फळीची, निव्वळ शोभेची. माडीचा भार तुळईतून थेट खांबाच्या माथ्यावर उतरतो.

यादवकाळात हाच भार दगडात तोलला जाई. त्या पठडीतल्या देवळांत खांबाच्या माथ्यावर बुटके, पोट सुटलेले कीचक हात वर करून छत उचलताना दिसतात. याच, म्हणजे हेमाडपंती, पठडीतलं एक देऊळ सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीत आहे.

मग कीचक जाऊन पानं-फुलं कशी आली?

कलेतिहासकार एबा कोख यांनी १९८२ साली याचा माग काढला. अकबराच्या दरबारात जेझुइट पाद्री १५८० साली पोचले, आणि युरोपातली छापील चित्रंही तिथे आली. त्यांत पोटाशी फुगीर, वर निमुळते, पानांनी मढवलेले खांब होते. शाहजहानच्या कारागिरांनी ते संगमरवरात उतरवले. त्यांत भारतीय पूर्णघट, म्हणजे पानं बाहेर झुकलेला कलश, सहज मिसळला. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांच्या तळाशी घट कोरलेले आहेतच, त्यामुळे ते रूप इथे परकं नव्हतं.

आरंभी हा खांब बादशहाच्या झरोक्यापुरता राखलेला होता. मुघल सत्ता सैलावली तसा तो राजपूत महालांत, लखनौच्या इमारतींत आणि मराठी वाड्यांत शिरला. इथे संगमरवराच्या जागी सागवान आलं, आणि माथ्याशी परसातली केळ.

साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत जुने वाडे आता झपाट्यानं उतरवले जातात, आणि त्यांचं लाकूड विकलं जातं. ज्यांच्या घरी असा खांब शिल्लक आहे, त्यांनी घर पाडण्याआधी त्याची मापं आणि छायाचित्रं तरी घेऊन ठेवावीत.