कुत्र्याचा पहिला चावा

कुत्रा चावला तर दोष कोणाचा, कुत्र्याचा कीं धन्याचा? श्रोत्यांस हा प्रश्न आजच्या नगरपालिकांचा वाटेल. परंतु तो फार जुना आहे. बगदादनजीक तेल हरमल येथें १९४५ व १९४७ सालीं सांपडलेल्या मृत्तिकापट्टांवर एश्नुन्ना राज्याचे कायदे आहेत. त्यांचें वय सुमारें ३८०० वर्षें. त्यांतील एक कलम असें: कुत्रा द्वाड आहे अशी सूचना अधिकाऱ्यांनीं दिली असूनही धन्यानें त्यास आवरलें नाहीं, आणि त्याच्या चाव्यानें माणूस मेला, तर धन्यानें ४० शेकेल चांदी भरावी, मेलेला दास असल्यास १५ शेकेल. दासाच्या जिवाचें मोल कमी, हा त्या काळाचा अन्याय. पण कलमाचा गाभा सूचनेंत आहे. धन्यास ठाऊक होतें, म्हणून तो दोषी.

रोमच्या प्राचीन द्वादशपट्टांनीं ही जाणीव विचारलीच नाहीं. जनावरानें नुकसान केलें कीं धन्यानें भरपाई द्यावी, नाहीं तर जनावरच फिर्यादीच्या स्वाधीन करावें.

इंग्रजी न्यायानें मात्र सारा भार पुन्हा जाणिवेवर ठेवला. कुत्रा पडला माणसाळलेला प्राणी! तो दांडगा असल्याचें धन्यास पूर्वींच माहीत होतें, हें जखमी माणसानें शाबीत करावें, तरच भरपाई. यावरूनच ‘कुत्र्यास पहिला चावा माफ’ ही समजूत पसरली. ती अक्षरशः खरी नव्हे. पूर्वीं तो चावावयास धांवला होता व तें धन्यास कळलें होतें, एवढें दाखविलें तरी पुरे. दारावरची ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी धनी कवच म्हणून लावतो, पण अशा दाव्यांत ती त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊं शकते.

१८५५ सालीं स्कॉटलंडांतील मेंढ्यांचा एक दावा लंडनच्या उमरावसभेपुढें गेला. कुत्र्यानें मेंढ्या मारल्या होत्या. तरीही धन्याची जाणीव किंवा निष्काळजीपणा दिसला पाहिजे, असा निर्णय झाला. पुढें १८६३ सालीं स्कॉटलंडांत व १८६५ सालीं इंग्लंडांत कायदे झाले आणि गुरेंमेंढ्यांच्या बाबतींत जाणिवेच्या पुराव्याची अट गेली. चावलेल्या मुलाच्या बापास मात्र इंग्लंडांत तो पुरावा द्यावाच लागे! मेंढीस बाजारांत भाव असतो, दुसरें काय? १८७१ च्या कायद्यानें धोकेबाज कुत्रा ताब्यांत ठेवण्याचा वा मारण्याचा हुकूम देतां येऊं लागला, पण तो भरपाईचा कायदा नव्हता. १९७१ च्या इंग्रजी कायद्यांतही जाणिवेचा प्रश्न पुरता सुटला नाहीं.

हिंदुस्थानांत १८६० च्या इंडियन पीनल कोडाचें २८९ वें कलम या बाबतींत अधिक शहाणें होतें. आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जिवास संभवणारा धोका, किंवा जबर दुखापतीचा धोका, टाळण्यापुरती तजवीज जो जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणानें करीत नाहीं, तो गुन्हेगार. येथें मुद्दा तजवीज न करण्याचा आहे; चावा होईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून त्या जागीं भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलम आलें. कैदेची मर्यादा तीच राहिली. दंडाची ५००० रुपये झाली.