हॉकी स्टिकची दुरुस्ती

हॉकी स्टिकची दुरुस्ती म्हणजे मैदानी हॉकीच्या स्टिकवरील झीज, चीर किंवा सैल झालेली मूठ घरगुती साधनांनी पुन्हा खेळण्याजोगी करणे होय. दुरुस्तीची पद्धत स्टिक लाकडी आहे की कंपोझिट यावर ठरते. दुरुस्ती करावी की नाही, हे मात्र चिरेच्या जागेवर व दिशेवर अवलंबून असते.

रचना

पारंपरिक स्टिकचे वाकडे डोके तुतीच्या चिवट लाकडाचे असते. ते वाफेवर वाकवले जाते. मुठीत वेत व धक्का शोषणारे रबर असते. भारतात जालंधर व मीरत येथे स्टिक मोठ्या प्रमाणावर बनतात. कंपोझिट स्टिक कार्बन तंतू, काचतंतू व इपॉक्सी राळेची असून तिचा दांडा बहुधा पोकळ असतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. अशा पृष्ठभागावर, विशेषतः उलट्या स्टिकने कडेचा फटका मारताना, डोक्याची कड लवकर घासते.

लाकडी स्टिक

लाकडाच्या रेषेला समांतर गेलेली चीर सांधता येते. स्टिक पूर्ण वाळवून, चिरेत सुतारकामाचा डिंक किंवा इपॉक्सी भरून ती क्लॅम्पने रात्रभर आवळून ठेवतात. क्लॅम्प नसल्यास घट्ट गुंडाळलेली सुतळीही चालते. नंतर तो भाग पॉलिश पेपरने घासून त्यावर टेप लावतात. पावसाळ्यात ओली राहिलेली स्टिक फुगते आणि ओल्या लाकडावर डिंक धरत नाही, त्यामुळे वाळवण्याची पायरी गाळल्यास बाकीचे श्रम वाया जातात. रेषेला छेदणारी चीर डिंकाने टिकत नाही.

कंपोझिट स्टिक

कंपोझिट स्टिकचे थर आतून सुटले तरी वरून ते नेहमी दिसत नाही. नाण्याने हलके टकटक केल्यास एकसंध भागाचा आवाज खणखणीत, तर थर सुटलेल्या भागाचा बद्द येतो. डोक्याची झीज भरण्यासाठी राळ व हार्डनर पाकिटावरील प्रमाणात मिसळून पातळ थर देतात. झीज खोल असल्यास काचतंतूचे कापड राळेत भिजवून बसवतात. घासताना उडणारी धूळ त्वचा, डोळे व श्वसनमार्गास त्रासदायक असल्याने मुखपट्टी, हातमोजे व चष्मा आवश्यक ठरतात. पोकळ दांड्याला आडवी चीर गेल्यास तो जोडण्याऐवजी टाकून देणेच योग्य. फटका मारताना सर्व ताण तेथेच येतो आणि तुटलेला तुकडा जवळच्या खेळाडूला लागू शकतो.

मूठ

जुनी ग्रिप व चिकट अवशेष काढून नवी ग्रिप थोडी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर किंचित चढवत गुंडाळतात.

नियम

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार टेप व राळ लावण्यास परवानगी आहे, परंतु पृष्ठभाग गुळगुळीत राहिला पाहिजे. वरच्या आवरणासह स्टिक ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते आणि तिचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा जास्त असू नये. धातूला मनाई असल्याने खिळा, स्क्रू किंवा तारेने सांधलेली स्टिक, कितीही मजबूत असली तरी, सामन्यात चालत नाही. पुठ्ठ्याला ५१ मिलिमीटरचे भोक पाडून घरीच जाडी तपासता येते. कापडाचे दोन-तीन थर दिलेली स्टिक अनेकदा याच ठिकाणी अडते.