पाऊस मोजणाऱ्या भांड्याची कुळकथा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायचं भांडं कोठारात ठेवायला सांगितलं आहे. त्याचं तोंड एक अरत्नी, म्हणजे साधारण दीड फूट रुंद. पाऊस किती झाला हे पाहून कोणतं बी कधी पेरायचं ते ठरे, आणि राज्याचं धान्य त्यावरच अवलंबून, म्हणून जागा कोठाराची. याच ग्रंथात प्रदेशवार आकडे आहेत : अश्मकाला साडेतेरा द्रोण (द्रोण हे तेव्हाचं माप), अवंतीला तेवीस. अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला, आकडाच नाही. तिथला पाऊस अमित म्हणून सोडून दिला आहे. आषाढात कर्जत तालुक्यातल्या पोशीरला चार दिवस राहिलेल्या माणसाला त्याचं नवल वाटणार नाही.

वराहमिहिरानेही बृहत्संहितेत हातभर व्यासाचं कुंड सांगितलं. या कुंडांतलं पाणी आढक-द्रोण अशा मापांत मोजलं जाई. १४४१ मध्ये कोरियात राजा सेजोंगच्या काळात सरळ भिंतींचं नळकांडं आलं आणि काम फारच सोपं झालं. भिंती उभ्या आणि तोंड-तळ सारखे असले की भांडं लहान असो वा मोठं, आत साठलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. काठी बुडवा आणि वाचा. माझ्या मते या साऱ्या कुळात याहून मोठा शोध नाही.

१६६२ मध्ये ख्रिस्तोफर रेन यांनी पाणी भरलं की आपोआप कलंडून रिकामं होणारं भांडं सुचवलं. आजच्या घरगुती हवामान केंद्रातलं इवलंसं प्लास्टिकचं पारडं त्याच वंशातलं. इंग्लंडात सायमन्स यांनी १८६० पासून गावोगावच्या हौशी लोकांकडून पावसाच्या नोंदी जमवल्या आणि त्यांच्या नावाचं पाच इंची भांडं आपल्याकडेही रुळलं. भारतीय हवामान खातं १८७५ चं. सकाळी साडेआठला पाऊस मोजायची त्याची शिस्त अजून चालू आहे.

ही कुळकथा आज भांडं निवडतानाही कामी येते. २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्याने कॅरॅव्हॅन, म्हणजे मुक्कामाच्या गाडीतून होणाऱ्या, पर्यटनाचं धोरण आणलं. कर्जत-खालापूरकडे गाडी घेऊन मुक्कामाला येणाऱ्याने स्वस्तातलं हवामान केंद्र घ्यायचं, तर कोणतं?

पारड्याचं यंत्र सपाट बसावं लागतं, आणि गाडी उतारावर उभी असली की ते गाडीसोबत तिरकं होतं. शिवाय मुसळधार सरीत पारडं कलत असतानाचं पाणी मोजणीतून निसटतं. म्हणजे कोकणात जेव्हा आकडा सर्वांत महत्त्वाचा, तेव्हाच तो कमी दिसतो. हवेचा दाब बघून ढगाचं किंवा सूर्याचं चित्र दाखवणारा पडदाही प्रवासात भरवशाचा नाही. खोपोलीहून खंडाळ्याला चढलात की पाचेकशे मीटरच्या चढणीनेच दाब पन्नास हेक्टोपास्कलहून अधिक उतरतो. यंत्राला ते वादळ वाटतं. मुक्कामाच्या उंचीप्रमाणे दाब जुळवून घेता येत असेल, तरच असं यंत्र घ्यावं. तापमान मोजणारा भाग गाडीच्या पत्र्याला चिकटवू नये. त्याला सावली, वारा आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंची हवी. थॉमस स्टीव्हन्सन यांची १८६४ ची झडपांची पांढरी पेटी याचसाठी आहे.

सरकारी आकडे असताना हा खटाटोप कशाला? महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात आहेत, पण ती महसूल मंडळाला एक या हिशेबाने. सह्याद्रीच्या पायथ्याला डोंगराच्या एका अंगाचा पाऊस दुसऱ्या अंगाला नसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून वाडीवाडीला पाऊस मोजणारं कोणीतरी असावं असं मला फार वाटतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आधी काहीशे रुपयांची सरळ, पारदर्शक, मिलिमीटरच्या खुणांची नळी घ्या. पैसे उरले तर यंत्र. गाडी तीन मीटर उंच असेल तर नळी तिच्यापासून सहा मीटर दूर, झाडांपासूनही त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, उघड्यावर रोवा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शंभर मिलिमीटर झाला तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडलं. रोज साडेआठला आकडा वहीत लिहा, आणि निघताना ती नळी वाडीतल्या शाळेला देऊन जा.