राजीनामा लिहिण्याआधी : आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली तर सीमाभागातल्या कामगाराला काय मिळतं?

निपाणी : कोगनोळी ओलांडून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जाणारे कामगार निपाणी भागातल्या गावागावांत आहेत. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून शिनोळीला जाणारे आहेत. उलट चंदगड भागातली मंडळी उद्यमबाग, मच्छेच्या फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये येतात. यातला एखादा अंथरुणाला खिळला, दोन महिने कामावर गेला नाही, की ऑफिसातून ठरलेला निरोप येतो. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून राजीनामा द्या, हिशेब करून टाकू.

घरात औषधाचा खर्च चाललेला असतो, हिशेबाचे पैसे तरी हातात येतील म्हणून माणूस सही करून मोकळा होतो. पण आजारी कामगाराचे बरेच हक्क नोकरी का सुटली आणि अपंगत्व कधी आलं, या दोन प्रश्नांवर उभे आहेत. ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकतं. आधी राजीनामा आणि मग तपासण्या असं केलं की दुसऱ्याचं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. आधी आजाराची नोंद, मग आजाराचा भत्ता, आणि काम खरोखरच झेपत नसेल तर सगळ्यात शेवटी राजीनामा.

पगारपत्रकातली ०.७५ टक्के कपात

महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. बहुतेकांना ईएसआय म्हणजे फुकट गोळ्या-औषधं एवढंच माहीत असतं. आजारपणातला रोख भत्ता हा त्याचा दुसरा आणि जास्त उपयोगी भाग.

एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्यापुढच्या लाभ-काळात आजारपणाच्या दिवसांसाठी रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. समजा रोजचा पगार ५०० रुपये आहे, तर दिवसाला ३५० प्रमाणे ९१ दिवसांचे ३१ हजार ८५० रुपये होतात. हे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, महामंडळ देतं. तरीही अनेक ठिकाणी कामगाराला त्याबद्दल कोणी सांगत नाही, हे विशेष.

आजार लांबला तर आणखी एक दार आहे. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू, कुष्ठरोग, मूत्रपिंड निकामी होणं, काही हृदयविकार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी ‘विस्तारित आजार भत्ता’ मिळतो. त्याचा दर ७० नाही, ८० टक्के, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. अट अशी की त्याआधी सलग दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असायला हवं आणि मागच्या चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी हवी. राजीनामा दिला की वर्गणी थांबते आणि पुढचा लाभ-काळ रिकामा जातो.

इथे गोम सर्टिफिकेटची आहे. ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर भत्ता सहजासहजी सुटत नाही. खासगीत ऑपरेशन झालं असलं तरी फाईल घेऊन ईएसआयच्या डॉक्टरांकडे जाऊन नोंद करून घ्यावी. कारखाना महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात असलं तरी अडचण नाही, योजना केंद्राची आहे, राहत्या ठिकाणाजवळचा दवाखाना निवडता येतो. रोख भत्ता मात्र आपलं खातं ज्या शाखा कार्यालयाकडे आहे तिथून सुटतो, ते कार्यालय कोणतं हे विमा कार्डावरून बघून ठेवलेलं बरं.

१९४८ च्या ईएसआय कायद्यातलं कलम ७३ ऑफिसातल्या साहेबांनाही अनेकदा ठाऊक नसतं. आजार भत्ता चालू असताना किंवा आजारावर उपचार सुरू असताना मालकाने कामगाराला काढू नये, त्याचा हुद्दा कमी करू नये, शिक्षा करू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणून तर काढण्याऐवजी राजीनामा मागितला जातो.

‘टीबी’ की सिलिकोसिस?

बेळगावच्या फौंड्री पट्ट्यात हा प्रश्न जिवाभावाचा आहे. साच्याच्या वाळूत सिलिका असते. शेकआऊटला, फेटलिंगला वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला धाप लागते, खोकला जात नाही. एक्स-रेमध्ये डाग दिसतात आणि टीबीचं औषध सुरू होतं. टीबी असूही शकतो, कारण सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसाला टीबी लवकर गाठतो. पण फुफ्फुसं वाळूने गेली असतील तर तो साधा आजार नाही, व्यावसायिक रोग आहे, आणि कायदा त्याला कामावर झालेल्या इजेसारखंच धरतो. सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिसही त्याच यादीत आहे. इचलकरंजीकडे गिरणीत कामाला गेलेल्यांनी ते लक्षात ठेवावं.

पैशात फरक किती पडतो, बघा. साध्या आजाराला ७० टक्के आणि ९१ दिवस. कामावरच्या इजेला किंवा व्यावसायिक रोगाला ९० टक्के, आणि जोवर तात्पुरती असमर्थता आहे तोवर. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. म्हणून डॉक्टरांना आपण काय काम करतो, किती वर्षं, कोणत्या धुळीत, हे सांगून केसपेपरवर लिहून घेतलं पाहिजे. नुसतं ‘खोकला, ३ महिने’ लिहिलं तर पुढे कोण काय सिद्ध करणार?

ज्या ठिकाणी ईएसआय लागूच नाही, तिथे कामगार नुकसानभरपाईचा कायदा आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणतात. चाळिशीतल्या माणसाचा गुणक १८४.१७ आहे. महिना १३ हजार पगार धरला तर ७,८०० गुणिले १८४.१७, म्हणजे सुमारे १४ लाख ३६ हजार रुपये. या दाव्यात सीमाभागाच्या उपयोगाची एक तरतूद आहे. दावा घटना घडली त्या ठिकाणीच करायला हवा असं नाही, कामगार जिथे राहतो तिथेही करता येतो. कागलला झालेल्या इजेसाठी निपाणीच्या माणसाला प्रत्येक तारखेला कोल्हापूर गाठायची गरज नाही.

ग्रॅच्युइटी : पाच वर्षांची अट इथे नाही

‘पाच वर्षं झाली नाहीत, ग्रॅच्युइटी बसत नाही.’ राजीनाम्यासाठी हे खरं. पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली असेल तर पाच वर्षांची अट लागत नाही, असं १९७२ च्या कायद्यातच आहे. आणि अपंगत्व म्हणजे हात-पाय गेलेलेच असं नाही. अपघात किंवा आजारामुळे माणूस आधी जे काम करू शकत होता ते काम करण्यास असमर्थ झाला, तर ते अपंगत्व, अशी कायद्याची व्याख्या आहे. पाठीच्या दुखण्याने ज्याला आता लोडिंग जमत नाही, तोही यात बसू शकतो.

हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १३ हजारांना वर्षाला साडेसात हजार, चार वर्षांचे ३० हजार. ‘वैयक्तिक कारण’ लिहून चार वर्षांनी बाहेर पडलेल्याला मात्र शून्य. देय झाल्यापासून ३० दिवसांत मालकाने रक्कम द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. ही तक्रार मात्र कारखाना ज्या राज्यात आहे तिथल्या कामगार खात्याकडे करावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. अपंगत्वात पाच वर्षांची अट न लावण्याची तरतूद तिथेही कायम आहे.

पीएफ आणि पेन्शन

नोकरीत असतानाच आजारासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते, ती परत भरावी लागत नाही. कायमच्या शारीरिक किंवा मानसिक असमर्थतेमुळे नोकरी सुटली तर साध्या राजीनाम्यासारखं थांबावं न लागता पूर्ण पीएफ काढता येतो.

लोक विसरतात ते पेन्शन. दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शन नाही, हा समज पक्का आहे. १९९५ च्या पेन्शन योजनेत मात्र नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेल्या सदस्याला, एका महिन्याचीच वर्गणी भरलेली असली तरी, आजन्म मासिक पेन्शन आहे. वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते आणि किमान रक्कम महिना १ हजार रुपये आहे. हजार रुपयांत आज काय येतं हा प्रश्न रास्तच आहे, पण ती मरेपर्यंत येते आणि नंतर कुटुंबाकडे जाते. यात ‘नोकरीत असताना’ हे शब्द महत्त्वाचे. राजीनाम्यानंतर सहा महिन्यांनी काढलेलं प्रमाणपत्र घेऊन गेलेल्याला तिथेच अडवतात.

पीएफच्या पोर्टलवर मालक नोकरी संपल्याची तारीख आणि कारण भरतो. तिथे कायमचं अपंगत्व असा वेगळा पर्याय असतो. क्लार्क सवयीने नेहमीचा पर्याय टाकून मोकळा होतो. खरं कारण टाकायला सांगावं आणि ते टाकल्याचं स्वतःच्या यूएएन खात्यात बघावं. सीमाभागातला कायमचा घोळ नावाचा. शाळेच्या मराठी दाखल्यावर एक, कन्नड-इंग्रजी आधारवर दुसरं, कंपनीच्या रजिस्टरला तिसरं. हे दुरुस्त करायला मालकाची मंजुरी लागू शकते, म्हणून नोकरी हातात असतानाच करून घ्यावं. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँक शाखेत जमा होते, त्यामुळे कोल्हापूरच्या खात्याची पेन्शन निपाणीत घेण्यात अडचण उरलेली नाही.

वखारी आणि विडी

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेल्या बायकांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला होता. तेव्हाही मुद्दा मजुरीचा, कामाच्या तासांचा आणि नोंदीचा होता. नोंदीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा पीएफसाठी कामगारच ठरते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. पण लॉगबुक एका बाईच्या नावावर आणि विड्या वळतात तिघी, असं असेल तर उरलेल्या दोघींच्या छातीचा आजार कोणत्याच कागदावर येत नाही. विडी कामगाराचं ओळखपत्र प्रत्येकीच्या नावाने असणं म्हणून गरजेचं.

सरकारी आणि एसटीतली नोकरी

इथला कायदा जास्त कडक आहे. अपंग हक्क कायदा २०१६, कलम २०(४) : सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही. दुसऱ्या जमेल अशा कामावर त्याच पगारात घ्यायचं, आणि जागाच नसेल तर तात्पुरतं पद तयार करायचं. वायव्य कर्नाटक परिवहनच्या चालकाची नजर अधू झाली तर त्याने राजीनामा देण्याचं कारण नाही, पर्यायी कामासाठी लेखी अर्ज द्यावा.

कोणतं राज्य, कोणता अर्ज

नोकरीचे हक्क कारखान्याच्या मागे जातात, निराधार-अपंगांच्या राज्य योजना घराच्या मागे. महाराष्ट्रातल्या संजय गांधी निराधार योजनेला तिथला १५ वर्षांचा रहिवास लागतो. त्यामुळे वीस वर्षं कागलला काम केलेल्या पण निपाणीत राहणाऱ्याला ती मिळत नाही. त्याने कर्नाटकच्या अपंग पेन्शनसाठी आपल्या नाडकचेरीत अर्ज करायचा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. ते बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून निघालं तरी महाराष्ट्रातल्या कंपनीला मान्य करावं लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकातून विरोध झाला होता. ती योजना उपचाराच्या खर्चापुरती आहे, बुडालेल्या पगाराचा तिच्याशी संबंध नाही.

कंपनीनेच सततच्या आजारपणाचं कारण देऊन काढलं, तर कायद्याने ती ‘कपात’ ठरत नाही आणि कपातीची भरपाई मिळत नाही. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, पीएफ, पेन्शन यांवर त्याचा परिणाम होत नाही.

राजीनामा द्यावाच लागला तर त्यात चार गोष्टी असाव्यात : आजाराचं नाव, कधीपासून, कोणत्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून, आणि ‘या आजारामुळे मी सध्याचं काम करण्यास असमर्थ झालो आहे’ हे वाक्य. मराठीत लिहिला तरी चालतो. दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर आवक शिक्का, तारीख घ्यावी. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा.