गाजर, दृष्टी आणि युद्धकालीन प्रचार : एका आहारविषयक समजुतीचा इतिहास

प्रस्तावना :

'गाजर खाल्ल्याने दृष्टी वाढते' हे विधान शालेय वर्गापासून आरोग्यविषयक व्याख्यानांपर्यंत सर्वत्र ऐकावयास मिळते. या विधानात शास्त्रीय सत्याचा अंश निश्चितच आहे. तथापि, ज्या रूपात ते आज लोकमानसात रुजलेले आहे, ते रूप केवळ प्रयोगशाळेत घडलेले नाही. त्याच्या जडणघडणीत दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश शासनाच्या प्रचारयंत्रणेचा मोठा वाटा आहे. आहारशास्त्राच्या अध्यापनात ही पार्श्वभूमी सहसा येत नाही. प्रस्तुत निबंधात या समजुतीचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कॅरोटीन ते 'अ' जीवनसत्त्व :

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख वाकेनरोडर याने 1831 मध्ये गाजरातून एक रंगद्रव्य वेगळे केले. गाजराच्या लॅटिन नावावरून त्यास 'कॅरोटीन' हे नाव मिळाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे द्रव्य आहाराच्या दृष्टीने दुर्लक्षितच राहिले. 1919 मध्ये अमेरिकेतील हॅरी स्टीनबॉक यांनी वनस्पतींतील पिवळा रंग व 'अ' जीवनसत्त्वाचा गुण हे बहुधा एकत्र आढळतात, हे निदर्शनास आणले. परंतु शुद्ध 'अ' जीवनसत्त्व तर जवळजवळ रंगहीन! हा पेच केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी 1930 च्या सुमारास सोडविला. उंदरांना कॅरोटीन दिले असता त्यांच्या यकृतात 'अ' जीवनसत्त्व साठते, असे त्यांनी दाखविले. तात्पर्य, गाजरात 'अ' जीवनसत्त्व नसते. ते शरीरात तयार होते. 1933 मध्ये जॉर्ज वाल्ड यांना डोळ्याच्या दृष्टिपटलातच हे जीवनसत्त्व सापडले आणि रातांधळेपणाच्या कारणमीमांसेस भक्कम आधार लाभला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कमतरता भरून काढणे व पुरेसे असताना अधिक दृष्टी देणे या दोन भिन्न गोष्टी होत. विज्ञानाने पहिली सिद्ध केली. प्रचाराने दुसरी विकली.

अंधार, रडार आणि गाजर :

1 सप्टेंबर 1939 पासून ब्रिटनमध्ये रात्रीचा दिवाबंदी आदेश लागू झाला. रस्ते अंधारात बुडाले व अपघात वाढले. जानेवारी 1940 मध्ये लोणी, साखर आदी पदार्थांचे रेशनिंग सुरू झाले. साखर दुर्मीळ, परंतु देशातच पिकणारे गोडसर गाजर मुबलक, अशी ही परिस्थिती होती. लॉर्ड वुल्टन यांच्या अन्न मंत्रालयाने 'डॉक्टर कॅरट' हे व्यंगचित्रातील पात्र निर्माण करून गाजराच्या पाककृती घरोघर पोहोचविल्या. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, ही आपल्याकडील म्हण मंत्रालयास ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तेथे पुंगी वाजली आणि गाजरही खाल्ले गेले.

नोव्हेंबर 1940 मध्ये वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी रात्रीच्या अंधारात शत्रूचे बाँबफेकी विमान पाडले. या यशामागे विमानात बसविलेले रडार होते. ते गुप्त ठेवणे आवश्यक असल्याने वैमानिकांच्या तीक्ष्ण नजरेची व गाजराची कथा पसरविण्यात आली. कनिंगहॅम 'कॅट्स आइज' या नावाने ओळखले जाऊ लागले. जर्मन हेरखाते या कथेने फसले, असे अनेकदा लिहिले जाते. त्यास विश्वसनीय पुरावा नाही. जर्मनांना रडारचे तंत्र अवगत होतेच. माझ्या मते, कथेवर विश्वास ठेवणारा खरा वर्ग इंग्रज गृहिणींचा होता.

विशेष म्हणजे याच काळात त्याच देशात या प्रश्नाची काटेकोर तपासणीही चालू होती. शेफील्ड येथे 1942 पासून हान्स क्रेब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या 23 स्वयंसेवकांवर प्रयोग केला. त्यांपैकी 16 जणांना कित्येक महिने 'अ' जीवनसत्त्वविरहित आहार देण्यात आला. तरी स्पष्ट कमतरता केवळ तिघांत दिसली. यकृतातील साठा इतका पुरेसा असतो! शिवाय उकडलेल्या गाजरातील कॅरोटीन तेलात विरघळलेल्या कॅरोटीनपेक्षा पुष्कळच कमी प्रमाणात अंगी लागते, हेही उघड झाले. अहवाल 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर समजूत घट्ट झाली होती.

आकड्यांचा इतिहास :

अमेरिकी तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या गाजरात सुमारे 88 टक्के पाणी, 2.8 ग्रॅम तंतुमय पदार्थ, 8.3 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन व 3.5 मिलिग्रॅम अल्फा कॅरोटीन असते. अन्नातील 6 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळते, असे पूर्वी मानले जाई. 2001 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हे प्रमाण 12 केले. परिणामी त्याच गाजराचे मूल्य सुमारे 1670 वरून 835 मायक्रोग्रॅमवर, म्हणजे निम्म्यावर आले. गाजर तेच, हिशेब बदलला. गोळ्यांच्या रूपातील बीटा कॅरोटीनचा अनुभव तर उलटाच आला. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत 29,133 पुरुष धूम्रपानी सहभागी होते. त्यांत गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी अधिक आढळले.

भारतीय संदर्भ :

ब्रिटनमध्ये अंधारात चालण्याचा जो प्रश्न होता, तो भारतात बालकाचे डोळे कायमचे जाण्याचा होता. म्हणूनच 1970 मध्ये शासनाने 1 ते 5 वर्षे वयाच्या बालकांना दर सहा महिन्यांनी 2,00,000 आंतरराष्ट्रीय एककांची मात्रा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. अशा देशात गाजराचे चित्र भिंतीवर लावून शेवग्याच्या पाल्याकडे दुर्लक्ष होणे ही साधी चूक नव्हे. सी. गोपालन व सहकाऱ्यांच्या 1971 च्या पोषणमूल्य तक्त्यांत 100 ग्रॅम गाजरात 1890 मायक्रोग्रॅम कॅरोटीन दिले आहे. शेवग्याच्या पाल्यात 6780 व कोथिंबिरीत 6918. पालेभाजीतील कॅरोटीनही पूर्णतः शोषले जात नाही, हे खरे. परंतु दाराशी उगवणाऱ्या पाल्याची भाजी थोड्या तेलात परतली तर तिचा लाभ गरीब घरासही परवडणारा आहे.

आणखी एक बाब. हलव्यासाठी आपण आवर्जून आणतो ते हिवाळी लाल गाजर, आणि ज्यावर वरील अमेरिकी आकडे आधारलेले आहेत ते नारिंगी गाजर, ही एक नव्हेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत या दोहोंच्या नोंदी स्वतंत्र आहेत. लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपीनमुळे येतो, आणि लायकोपीनपासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होत नाही.